ओल्या फुलांचा कौल

आमच्याकडे फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हासुद्धा बाबांनी आधी देवीला विचारलं होतं. देवी हो म्हणाली, फ्रीज आला, आणि वर्षाच्या आत त्याचा कॉम्प्रेसर गेला तेव्हा देवीला कोणी जाब विचारला नाही. बाबा खेडच्या एसटी डेपोत मेकॅनिक. दिवसभर इंजिनात हात घालणारा माणूस, पण घरातली कुठलीही गोष्ट करायची तर आधी कौल. माझं जर्मनीला जाणं या नियमातून सुटेल असं मला का वाटलं, कोण जाणे.

कौल म्हणजे काय ते सांगते. आमच्या ग्रामदेवीची मूर्ती काळ्या दगडाची आहे. तिच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर तगरीची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी आधी पडली तर नकार. पाकळ्या गुरव लावतो, आणि त्याला सुतक असलं तर गावचा मानकरी. ज्याने लावल्या त्याने कौल पडेपर्यंत देवीसमोरून उठायचं नाही, आणि एकाच गोष्टीसाठी देवीला दोनदा विचारायचं नाही. मानकरी आमच्याच घरातले. माझे मोठे काका, बाबांचे थोरले भाऊ.

मी रत्नागिरीला राहून नर्सिंग केलं आणि तिथंच जर्मनचा क्लास लावला. काकांचा मुलगाही माझ्याबरोबर नर्सिंगला आणि माझ्याबरोबर क्लासला. मी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले, तो दुसऱ्यांदा बसून कसाबसा. तिकडच्या वृद्धाश्रमांसाठी नर्सेस पाठवणाऱ्या एजंटने निवडलेल्यांची नावं सांगितली तेव्हा त्यात माझं होतं आणि चुलतभावाचं वेटिंगवर पहिलं. म्हणजे आमच्यातलं कोणी गळालं तर तो जाणार. हे सगळ्या घराला माहीत होतं. काकांनी आमच्या पडवीत बसून पेढा खाल्ला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "देवीच्या मनात आसंल तर जाशील हो."

ते वाक्य मी विसरले नाही. ते बोलताना त्यांच्या मिशीला पेढ्याचा कण लागला होता, तोही विसरले नाही.

कौल लावायच्या दिवशी गुरवाच्या घरी सुतक होतं. मग ते फिटेपर्यंत वाट बघायची की नाही? पण काका म्हणाले, शुभस्य शीघ्रम्, मी लावतो. देवळात बाबा, काका, मी आणि पारावर पत्ते कुटणारे दोघंतिघं एवढेच. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभी होते, सकाळचं ऊन सरळ आत पडलेलं. काकांनी उजवी पाकळी तांब्यात चांगली बुडवली, अंगठ्याने दाबून दाबून देवीच्या खांद्यावर बसवली. डावी नुसती पाण्याला टेकवल्यासारखी केली आणि ठेवली. ठेवली म्हणजे खरंच फक्त ठेवली. गाऱ्हाणं घातलं, "व्हय म्हाराजा" झालं, आणि काका मांडी घालून बसतात न बसतात तोच डावी पाकळी घरंगळत खाली आली.

"देवी नाय म्हंती," काका म्हणाले. मग बाबांकडे वळून, "तिच्या भल्याचंच आसंल. पोरीच्या जातीला परक्या मुलखात कशाला धाडायची?"

बाबांनी हात जोडले. मी तोंडातून शब्द काढला नाही, कारण शब्द निघाला असता तर देवळात काढू नये असा निघाला असता. घरी येऊन मी मागीलदारी गेले, पाटा उभा करून भिंतीला टेकवला आणि तगरीच्या पाकळ्या घेऊन बसले. एक भिजवून दाबायची, एक नुसती ओलवून ठेवायची. कितीही वेळा केलं तरी कोरडी आधी पडायची. बाजू बदलली तरी कोरडीच आधी. पाट्याला काय, माझ्याशी वैर नव्हतं.

आई राख घेऊन भांडी घासायला आली, तिने हे बघितलं. मी तिला दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः करून बघितलं. मग माझा हात धरून म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. थोरल्या भावाला देवाच्या जागी मानतात. मोडून जातील."

माझं नशीब मोडलं त्याचं काय? असं मी विचारलं, तर आई म्हणाली, "त्याचं आपण बघू."

बाबांनी एजंटला फोन करून नकार कळवला. महिन्याभरात चुलतभावासाठी कौल लागला, काकांच्याच हाताने, आणि उजवा आला. आयत्या बिळावर नागोबा. गावाने शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला, मानकऱ्याचा मुलगा परदेशी चालला म्हणून. बाबा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांचा राग मला काकांपेक्षा जास्त आला, खरं सांगते. जिचा गळा केसाने कापला तिच्याच बापाने टाळ्या वाजवाव्यात आणि त्याला पत्ता नसावा, हे मला सहन होत नव्हतं. तेव्हाच ठरवलं की आपण काकांना शिव्या घालायच्या नाहीत, भांडायचं नाही. बाबांच्या डोळ्यांदेखत त्यांचा हा देव उघडा पाडायचा. मी सांगून नाही. त्यांनी स्वतः बघायचं.

ते वर्ष मी खेडमधल्या एका खासगी दवाखान्यात सलाइनं लावण्यात घालवलं. काका अधूनमधून स्थळं आणायचे. लोट्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, घरी गाडी आहे, आणखी काय पाहिजे? एकदा तर म्हणाले, "तुजा कौल हितलाच हाय गो." मी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि हसले. ज्यांना मी शांत मुलगी वाटते त्यांनी माझं ते हसणं बघायला हवं होतं.

आणि एका रविवारी चुलतभावाचा जर्मनीहून फोन आला. रडत होता. म्हाताऱ्यांना अंघोळी घालायला जमत नाही, भाषा समजत नाही, खोलीत कोणी बोलायला नाही. मी म्हटलं, मग गेलास कशाला? तर म्हणाला, "मला कुठं यायचं होतं? मी बाबांना म्हटलं होतं, तिचं नाव आहे, तिला जाऊ दे. तर म्हणाले, कौलाचं मी बघतो."

कौलाचं मी बघतो. हाताच्या काकणाला आरसा कशाला, तरी तो आरसा घरपोच आला. बिचाऱ्याला आपण काय बोलून बसलो तेही कळलं नाही. तो भोळा आहे, त्याच्यावर माझा राग कधीच नव्हता.

पुढच्या तुकडीत माझं नाव पुन्हा आलं तेव्हा आईने आपलं म्हणणं खरं केलं. तिचं माहेर गुहागरकडे, अंजनवेलजवळ. ती बाबांना म्हणाली, माझ्या माहेरच्या देवीला पोरीची ओटी भरायची राहिली आहे, भरून येतो. ओटी भरता भरता तिथल्या देवीला कौल लावला. फुलं आईने स्वतः रुमालात बांधून नेली होती आणि गुरवाच्या हातात एकेक करून स्वतः दिली. उजवा पडला. आईने घरी येऊन बाबांना सांगितलं, आणि बाबा धर्मसंकटात पडले. एका देवीने नाही म्हटलेलं, दुसरीने हो म्हटलेलं. पण विचारणं नव्या तुकडीसाठी होतं, म्हणजे गोष्ट वेगळी, आणि देवीचा शब्द तो देवीचा शब्द. काकांनी नाक मुरडलं. बायकोच्या माहेरच्या देवीला खोटी म्हणायची सोय मात्र त्यांना नव्हती. आईने त्या दिवशी रुमालात काय केलं होतं हे मी कधी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

जर्मनीत पोचले आणि कळलं की एक वर्ष म्हणजे काय असतं. माझ्या वृद्धाश्रमात आमच्याच क्लासमधली एक मुलगी होती. परीक्षेत माझ्या पेपरात डोकावणारी. ती आधीच्या तुकडीत आलेली, तिची तिथली परीक्षा होऊन ती पक्की नर्स झाली होती, आणि मी मदतनीस. चादरीचे कोपरे कसे मुडपायचे ते ती मला शिकवायची, गोड आवाजात. मी मान हलवायची. प्रत्येक मुडपलेल्या कोपऱ्याला मला काकांच्या हातातली ती पाकळी दिसायची.

बाकी परदेश सगळ्यांचा असतो तसाच माझा. विमानतळावर बॅग उघडायला लावली आणि सुकटीच्या वासाने अधिकारी दोन पावलं मागे सरकला. एकदा बोंबील तळले तर वरच्या मजल्यावरच्या बाईने इमारतीच्या व्यवस्थापकाला बोलावलं, त्याला वाटलं गटार तुंबलं. पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी चारला अंधार व्हायचा आणि मी खिडकीला डोकं लावून रडायची. एक म्हातारी मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. आधी मी दुरुस्त करायची, मग ओ द्यायला लागले. ती पाव उशीखाली लपवून ठेवायची आणि मला एकटीलाच जागा दाखवायची. तिच्यावर माझा जीव जडला. ती गेली तेव्हा मी सुट्टी टाकली.

पण राग कुठे गेला नाही. लोक म्हणतात, दूर गेलं की मन मोठं होतं. माझं नाही झालं. उलट तिथल्या शांततेत राग नीट मुरला, लोणच्यासारखा. भाषेच्या पुढच्या परीक्षा दिल्या, पक्की नर्स झाले, मग नव्या मुलींना शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. कोणाला घ्यायचं हे ठरवताना माझं मत विचारू लागले. दरम्यान चुलतभाऊ कधीच परत आला होता. खेड स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकून मजेत होता. जी जागा माझ्या हातून ओढली ती त्याने अशी सोडून दिली. काकांचं तेलही गेलं, तूपही गेलं. तरी मला पुरेसं वाटत नव्हतं.

मागच्या गणपतीला मी सुट्टी काढून आले. काका पहिल्याच दिवशी हजर. त्यांची धाकटी मुलगी रत्नागिरीला नर्सिंग नुकतंच पास झालेली, जर्मनही शिकलेली. इतक्या वर्षांत काकांनी मला एवढ्या प्रेमाने कधी हाक मारली नव्हती. "तुज्या येका शब्दावर पोरीचं कल्याण हुयाल गो. तिला तुज्याजवळच घे."

आता खरं सांगायचं तर ती पोर आधीच माझ्याशी फोनवर बोलली होती, मुलाखत देऊन झाली होती, आणि माझ्या आश्रमाने तिला घेतलंही होतं. मुलगी हुशार आहे, तिचं काय चुकलं? सूड घ्यायचा तर ज्याचा त्याच्यावर. पण हे काकांना माहीत नव्हतं. मी बाबांकडे बघितलं आणि म्हटलं, "माझी काय हरकत? पण आधी देवीला विचारूया. माझ्या वेळी विचारलं होतं ना?"

बाबा खूश झाले. परदेशात राहून पोरीने देव सोडला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. काका किंचित थांबले आणि म्हणाले, हो हो, विचारूया की.

त्या संध्याकाळी मी धाकटीला मागीलदारी नेलं, पाटा उभा केला आणि सगळं सांगितलं, करूनही दाखवलं. तिने पडलेली पाकळी उचलून बघितली. मग म्हणाली, "ताई, फुलं आमच्याच घरून जाणार. मी आणते."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईची माणसं अजून गावात असताना, सगळा गाव देवळात जमला. पाऊस धरलेला होता. या वेळी गुरव हजर होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मानकऱ्यांच्या हातूनच लावूया ना. माझाही त्यांनीच लावला होता." एवढा मान सगळ्या गावासमोर कोण नाकारेल? काका छाती काढून पुढे झाले. धाकटी पाण्याने भरलेली कळशी घेऊन आली आणि बापासमोर ठेवली. तगरीची फुलं तळाला गेलेली. रात्रभर पाण्यात होती ती.

काकांनी आत हात घातला. एक पाकळी काढली, दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या सारख्या चिंब. आता लक्षात घ्या, त्यांना मुलीसाठी उजवी पाडायची होती, म्हणजे उजवी कोरडी हवी होती. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली, "पावसात भिजली, बाबा." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हात जोडून उभी होते, डोळे अर्धे मिटून, अगदी भक्तिभावाने. आयुष्यात इतकं सुख मला क्वचित मिळालं आहे.

आणि मग काकांनी ती चूक केली. खांद्यावरच्या पंच्याचं टोक हळूच पुढे घेतलं आणि उजव्या हातातली पाकळी त्यात धरून टिपली. मुंबईची पोरं मोबाईलवर शूटिंग करत होती. गावातले सगळ्यात वयस्क आजोबा काकांच्या अगदी शेजारी बसले होते, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्याने बोलतात.

"आरे, देवीचं फूल पुसतोस कशाला रे?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. काकांनी ती पाकळी टाकली, दुसऱ्या दोन चिंब पाकळ्या घेतल्या आणि देवीच्या खांद्यांवर लावल्या. माझं लक्ष देवीकडे नव्हतं, काकांकडेही नव्हतं. मी बाबांकडे बघत होते. बाबा त्या पंच्याकडे बघत होते. बराच वेळ.

गाऱ्हाणं झालं. काका बसले. पाकळ्या हलेनात. भादव्यातली हवा, ओला गाभारा, त्यात रात्रभर भिजलेली पाकळी, ती कशी पडणार? मी पाट्यावर लावून बघितली होती, ती दुपार झाली तरी चिकटूनच होती. अर्धा तास गेला, तास गेला. आजोबा जेवायला उठले. मुंबईकरांना खेडहून गाडी गाठायची होती, ते पाया पडून निघाले. गुरव म्हणाला, मी जरा घरी जाऊन येतो. बाबा शेवटपर्यंत बसले, पण गणपतीच्या जादा गाड्यांमुळे डेपोत दुपारची ड्यूटी होती, तेही उठले. काकांना मात्र उठायची सोय नव्हती. मानकरी ना ते! आम्ही घरी येऊन उकडीचे उरलेले मोदक खाल्ले. मी दोन जास्त खाल्ले.

दुपार कलल्यावर आईने काकांसाठी थर्मासमध्ये चहा भरून दिला. आईचं मन मोठं आहे म्हणून नाही. तिने फक्त मला एकदा बघून ये म्हटलं, आणि आम्हा दोघींना हसू आलं. देवळात काका एकटे होते, गुडघे धरून बसलेले, नजर देवीच्या खांद्यांवर खिळलेली. पाकळ्या जिथल्या तिथे. मी चहा ओतून दिला. त्यांनी कप घेतला नाही. मला विचारलं, अगदी बारीक आवाजात, "पडंल ना गो?"

देवीला सोडून मला विचारत होते.

"देवीच्या मनात असेल तर, काका," मी म्हटलं आणि थर्मास तिथंच ठेवून निघाले.

दिवेलागणीला बाबा ड्यूटीवरून आले, हातपाय धुऊन पडवीत बसले. आईने त्यांच्यासमोर चहा ठेवला. तेवढ्यात काका अंगणात आले, लंगडत, पाय आखडलेले. तोंडावर हसू आणलेलं. आईने त्यांनाही कप दिला. ते बसले आणि म्हणाले, "उजवा पडला. देवी व्हय म्हनाली."

धाकटी माझ्या शेजारी दाराला टेकून उभी होती. तिची बॅग जवळजवळ भरून झाली होती, तिला कुठल्या खांद्याची गरज नव्हती. मी इतकी वर्षं बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. थोरल्या भावाकडे सरळ बघितलं, जसं मी त्यांना कधी बघताना पाहिलं नव्हतं, आणि विचारलं, "दादा, कोणी बघितलान?"

मग बाबा वळून माझ्याकडे बघायला लागले, आणि मला कळलं की ते आता दुसऱ्या कौलाचा विचार करत आहेत, कोवळ्या उन्हातल्या, ज्यात डावी पाकळी लगेच पडली होती. काकांनी चहा तसाच ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि अंगणातून निघून गेले.